नाशिकचं स्थळ

नाशिकला जाऊन आल्यापासून भेटेल तो विचारतो, "काय काय बघितलं?" मी लेणी, काळाराम, रामकुंड, दुतोंड्या मारुती अशी नावं सांगतो आणि समोरच्याचं समाधान होतं. खरं सांगायचं तर आम्ही स्थळ बघायला गेलो होतो. या शब्दाचे आपल्याकडे दोन अर्थ होतात, आणि त्या दोन्ही अर्थांच्या आडोशाला बसून आम्ही बहीणभाऊ कोल्हापुरातून निघालो. गल्लीत कुणी विचारलं तर "नाशिकची स्थळं बघायला चाललोय" असं ताठ मानेनं सांगायचं. खोटं बोलल्याचा दोष नाही आणि खरं कळल्याचा त्रास नाही.

स्थळ माझ्या बहिणीसाठी होतं. तिला मी आक्का म्हणतो, ती मला बंडू म्हणते, आणि माझे केस पांढरे झाले तरी त्यात फरक पडलेला नाही. आक्का सरकारी दवाखान्यात नर्स आहे, निवृत्तीला आली आहे. भाऊजी जाऊन सात वर्षं झाली. तिचा मुलगा बंगळुरूला असतो. त्यानं फोनवर एवढंच सांगितलं, "आई, तू बघून ये. तुझं तू ठरव." वॉर्डातली तिची एक मैत्रीण मनमाडची. तिच्या माहेरच्या ओळखीतले एक गृहस्थ, रेल्वेतून निवृत्त झालेले, पत्नी वारलेली, मुलगी लग्न होऊन पुण्यात. राहायला नाशिकला, पंचवटीत. नाव निवृत्ती आहेर.

आडनाव ऐकून मला हसू आवरेना. माझा लग्नपत्रिका छापायचा छापखाना आहे. "कृपया आहेर आणू नये" ही ओळ मी आयुष्यभर छापत आलो, आणि आता आहेरच घरात यायच्या वाटेवर होते. गाडीत आक्काला हे म्हटलं तर ती म्हणाली, "दात काढू नकोस. मी नुसती बघायला चाललेय." आणि खिडकीकडे तोंड करून बसली. तिला भीती वाटत होती, हे मला कळत होतं. मलाही वाटत होती. दर रविवारी ती माझ्याकडे जेवायला येते. ती नाशिकला गेली तर त्या रविवारांचं काय करायचं, असा एक स्वार्थी विचार माझ्या मनात सारखा येत होता, आणि त्याच वेळी तिला त्या रिकाम्या घरात संध्याकाळी एकटी कुलूप उघडताना बघणंही नकोसं झालं होतं.

लेणी

आहेर सकाळी लॉजवर आले ते स्वेटर, मफलर आणि हातात पिशवी अशा थाटात. उंच, सावळे, बोलणं हळू. जानेवारीतली नाशिकची थंडी आमच्या हाडांना नवी होती. त्यांनी आधी मिसळ खायला नेलं. गावाबाहेर, झाडाखाली, चुलीवरची. मिसळीबरोबर भाजलेला पापड, दही आणि वर जिलेबी! आमच्याकडे मिसळीबरोबर पावाचे स्लाइस आणि कट एवढाच संसार असतो. जिलेबीला मिसळीच्या टेबलावर कुणी बसू देणार नाही. मी तसं बोलूनही दाखवलं. आहेर म्हणाले, "तुमच्या तिखटाचं लय मोठं नाव हाय. आमचं आपलं गोडीगुलाबीत चालतं." स्वतः मात्र त्यांनी नुसती मटकी आणि दही खाल्लं. आक्कानं लगेच विचारलं, "बीपी का?" ते म्हणाले, "थोडं." ती म्हणाली, "थोडं असं काही नसतं." मग दोघंही ताटलीत बघून खाऊ लागली. पहिल्या भेटीत माणसं काय बोलतात ते मी विसरलो होतो.

लेणी मुंबईच्या रस्त्याला, त्रिरश्मी डोंगराच्या कमरेला आहेत. पायऱ्या बऱ्याच आहेत पण झाडांची सावली आहे. आहेर थांबून थांबून माहिती देत होते. लेणी दोन हजार वर्षांची, सातवाहनांनी कोरली, क्षत्रपांनी कोरली, व्यापाऱ्यांनी दान दिलं, भिक्षू पावसाळ्यात मुक्कामाला असत. मला वाटलं, माणूस अभ्यासू दिसतो. वर पोचलो तर तिथला पहारेकरी हसून म्हणाला, "काय काका, आज पाहुणे घेऊन आले का? मागच्या आठवड्यात तर एकलेच सगळे बोर्ड वाचत फिरत होते!"

आहेरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मग त्यांनीच सांगून टाकलं. "जन्म गेला इथं, पन लेनी कधी पाह्यली नव्हती. सायखेड्याला शाळेत होतो तेव्हा सहल आली होती, नेमका मला ताप आला. मग नोकरी मनमाडला. तुम्ही येनार म्हटल्यावर म्हटलं आधी पाहून घेऊ. तुम्ही काही विचारलं अन् मला आलं नाय, तर बरं नाय दिसत."

आक्का तेव्हा पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट बघून हसली. मला तो माणूस त्या क्षणी आवडला, हे इथं सांगून टाकतो.

तिसऱ्या नंबरच्या लेण्यापाशी आम्ही बराच वेळ होतो. दर्शनी भागात खाली दगडी माणसं आहेत, खांद्यावर तुळया घेऊन सगळा भार सोसणारी. आत मोठं दालन, भोवती भिक्षूंच्या खोल्या, प्रत्येक खोलीत दगडाचाच बाक निजायला. समोरच्या भिंतीवर स्तूप कोरलेला. तिथं पांढऱ्या साडीतली एक वयस्कर बाई सुनेला आणि नातवंडांना घेऊन वंदना म्हणत होती. मेणबत्तीचा उजेड, दगडात घुमणारे तिचे शब्द. आम्ही आपोआप हात जोडून उभे राहिलो. वंदना संपल्यावर आक्कानं सहज विचारलं, "पांडव इथं कुठल्या खोलीत राहायचे हो?"

"पांडव कुठले इथं, ताई?" बाई शांतपणे म्हणाल्या. "लोक म्हनतात पांडवलेनी, पन ही बुद्धलेनी हाय. आमच्या कॉलनीतून आम्ही दर पौर्निमेला येतो. नाव तरी बरोबर घ्या."

आक्का म्हणाली, "चुकलं माझं." बाईंनी तिच्या हातावर खडीसाखर ठेवली.

बाहेर ओसरीत, भिंतीवर वरच्या बाजूला मोठा शिलालेख आहे. आहेरांनी पाठ केलेलं सांगितलं. एका राजाच्या आईनं हे लेणं भिक्षूंना दान दिलं. मुलगा पराक्रमी होता, तो आता नाही, गादीवर नातू आहे, आणि म्हातारी आई मुलाचं कौतुक दगडात लिहून ठेवते. स्वतः ती व्रतं करत, संयमानं राहते, असंही त्यात आहे. आक्का मान वर करून ती न कळणारी अक्षरं बघत राहिली. मग मला हळूच म्हणाली, "तिनं डोंगर कोरून घेतला बघ. मी सात वर्षांत घराला रंगसुद्धा दिला नाही. ह्यांनी दिलेला आहे तोच ठेवलाय."

आक्काचे 'हे' म्हणजे भाऊजी. माणूस गेला तरी तिचं 'हे' गेलेलं नाही. "ह्यांना शेपूची भाजी आवडायची", "हे असते तर असं केलं असतं". भाऊजींचं नाव तिनं उखाण्याशिवाय कधी घेतलेलं मला आठवत नाही.

मग तो प्रकार घडला. आहेर म्हणाले, "तुम्हा बहीनभावाचा फोटो काढतो, मागं सगळं लेनं आलं पाह्यजे." लेणं मोठं, मोबाइल लहान. ते एकेक पाऊल मागं सरकत होते. मागं डोंगराची कड होती. मी हसरा चेहरा करून उभा, त्यामुळे मला काही दिसलंच नाही. आक्काला दिसलं.

"अहो!" ती ओरडली. "मागं बघा की!"

आहेर जागच्या जागी थांबले. पहारेकरी धावत आला, त्यांचा हात धरून म्हणाला, "काकूंनी वेळेवर आवाज दिला बरं का, काका!" आणि हसला. त्या बिचाऱ्याला काय माहीत. आहेर मात्र हसले नाहीत. ते आक्काकडे बघत होते. मीही बघत होतो. कारण तो 'अहो' मी सात वर्षांनी ऐकत होतो. तोच सूर, शेवटी वर जाणारा, थोडा रागातला, थोडा जीव घाबरलेला. भाऊजी गच्चीच्या कठड्यावर पतंग काढायला चढले की याच सुरात ती हाक येई.

आक्काचा चेहरा पांढरा पडला. ती वळली आणि आत लेण्यात निघून गेली. मी मागून गेलो तर एका खोलीतल्या दगडी बाकावर बसून ती पदरात तोंड घालून रडत होती.

"आक्का, अगं वाचले ते. झालं की आता."

"तसं नाही रे. तो शब्द ह्यांचा आहे, बंडू. दुसऱ्या माणसासाठी माझ्या तोंडातून निघालाच कसा?"

"साधा शब्द आहे. रिक्षावाल्याला पण म्हणतेस की तू अहो."

"रिक्षावाल्याला असं म्हणत नाही मी."

मी तिला हात देऊन उठवलं. आम्ही पायऱ्या उतरलो. आहेर पुढं, मध्ये मी, मागं आक्का. खाली आल्यावर त्यांनी पिशवीतून द्राक्षं काढली आणि माझ्या हातात दिली, तिच्या हातात दिली नाहीत. लॉजच्या दारात आक्का म्हणाली, "सकाळची गाडी बघ. मला नाही जमायचं हे. तू त्यांना कळव."

एक फोन

नकार कळवायची आपल्याकडे एक ठरलेली रीत आहे. "पत्रिका जुळत नाही" म्हणायचं, कुणाचा अपमान होत नाही. पण साठीच्या घरातल्या माणसांच्या पत्रिका कोण काढतो? मी फोन लावला आणि "आहेरसाहेब, जरा बोलायचं होतं" एवढंच म्हणालो.

"समजलं मला," ते म्हणाले. "सकाळीच समजलं. पन एक इनंती हाय. उद्या गंगेवर तर या. नाय म्हनायचं ते तिथं म्हना. तिथले पन बोर्ड वाचून ठेवलेत मी."

मी आक्काला तसंच्या तसं सांगितलं. ती उघडी बॅग समोर घेऊन बसली. मग म्हणाली, "माणूस इतकं करतो तर फोनवर नकार बरा नाही. मी जाते. मीच सांगेन तोंडावर." आणि बॅग भरून ठेवली. दुपारची एसटी ठरली.

गंगेवर

नाशिकची माणसं गोदावरीला गंगा म्हणतात. "भाजी आणायला गंगेवर गेलो होतो" असं ऐकलं की आपण दचकतो.

आधी काळाराम. संपूर्ण काळ्या दगडाचं देऊळ, उन्हात उभं राहिलं तरी थंड वाटणारं. आत रामही काळा. सभामंडपात बायका पोथी वाचत होत्या. आहेर दारातच थांबले आणि त्यांनी बोर्डावर नसलेली गोष्ट सांगितली. याच दारांवर मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह झाला, वर्षानुवर्षं लोक बसून राहिले, मार खाल्ला, आणि तरी दार उघडलं गेलं नव्हतं. "आता कुनीबी जातं," ते म्हणाले. "पन मी आत जाताना दरवेळी इथं एकदा थांबतो." कालच्या लेण्यातल्या त्या बाई मला आठवल्या. त्यांच्या घरातलंही कुणीतरी इथं बसलेलं असेल. आम्ही तिघंही थोडा वेळ तिथं उभे राहिलो आणि मग आत गेलो.

तिथून उतरत नदीकडे आलो. पात्रातच दुतोंड्या मारुती उभा आहे, दोन्ही बाजूंना तोंड असलेला, शेंदरी, उघड्यावर. पुराचं माप तोच. आमच्याकडे पंचगंगेचं पाणी बंधाऱ्यावर किती फूट आलं ते सांगतात. इशारा, धोका, सगळं फुटांत. इथं विचारतात, मारुतीच्या कुठं लागलं? गुडघ्याला म्हणजे काळजी नाही. कमरेला म्हणजे दुकानदार माल उचलतात. छातीच्या वर गेलं की सराफ बाजारात पाणी. "एकदा बायकोच्या फोनवर तिच्या भावानं सांगितलं, मारुती बुडाला," आहेर म्हणाले. "भाऊ हप्त्यावर घेतलेली मारुती गाडी भाड्यानं चालवायचा. ती रडायलाच लागली, म्हने गाडी गेली, आता हप्ते कसे फेडायचे! मी म्हटलं अगं वेडे, आपला मारुती, गंगेतला." आक्काला हसू आलं. मग तिच्या लक्षात आलं की आपण एका गेलेल्या बाईवर हसतोय, आणि ती थांबली. "हसा हो," ते म्हणाले. "ती स्वतःच हसायची."

रामकुंडावर गर्दी होती. आमच्याकडे तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन; माझ्या छापखान्यात त्याचीही पत्रकं असतात. भाऊजींची रक्षा आम्ही नदीत न सोडता शेतात आंब्याच्या रोपाच्या मुळाशी घातली. इथं लांबलांबून माणसं अस्थी घेऊन येतात. कुंडाच्या कडेला मुंडण केलेले मुलगे ओल्या पंच्यात कुडकुडत बसलेले, भाताचे पिंड, भटजींचा आवाज, आणि बाजूलाच कुणाची तरी पोरं पाण्यात खेळतायत. मरणाची इतकी रोजची वस्ती मी कुठं पाहिली नव्हती.

आक्का पायरीवर बसली. आहेर दोन पायऱ्या सोडून बसले. मी उठून जावं की नाही ते मला कळेना, म्हणून उभाच राहिलो.

"काल मी ओरडले ते," आक्कानं सुरुवात केली. "मला त्याबद्दलच..."

"मी सांगू का आधी?" आहेर म्हणाले. नजर पाण्यावर. "तिचं सगळं इथंच केलं मी. त्यानंतर कितीतरी दिवस या बाजूनं आलोच नाय. भाजीसुद्धा लांबून आनायचो. ती मला 'ऐकलं का' म्हनायची. आयुष्यभर. नाव नाय, गाव नाय, नुसतं ऐकलं का. आता बाजारात कुनी बाई नवऱ्याला तशी म्हनली, तरी मी वळून पाहतो. तो शब्द मी दुसऱ्या कुनाला देनार नाय. तुम्हालापन नाय."

आक्का त्यांच्याकडे बघायला लागली.

"तुमचा तो 'अहो' त्यांचा हाय. काल तो चुकून माझ्याकडं आला. मी तो ठेवून नाय घेतलेला. तुमचा तुम्ही घेऊन जा. तेवढंच सांगायचं होतं. आता तुमचं बोला."

कुंडाच्या पलीकडे एका माणसानं मडकं पाण्यात सोडलं, हात जोडले, आणि मागं न बघता पायऱ्या चढून गेला. आक्का तो दिसेनासा होईपर्यंत बघत होती. मग उठली, साडी झटकली आणि म्हणाली, "चला. गाडीची वेळ होईल."

नकार तिनं दिला नाही. होकारही दिला नाही. रिक्षात मी तिच्या तोंडाकडे बघून अंदाज घेत होतो. आक्का लहानपणापासून अशीच. मनातलं बाहेर काढायला चिमटा लागतो.

स्टँड

एसटी लागलेली होती. आहेरांनी बॅगा वर चढवून दिल्या आणि खाली उतरून खिडकीपाशी उभे राहिले. ड्रायव्हर अजून चहा पीत होता. मी उगाच नाशिकची थंडी आणि कोल्हापूरची थंडी यावर बोललो. आहेरांनी मान हलवली. त्यांचा चेहरा उतरलेला होता, कपाळावर एवढ्या गारठ्यात घाम होता.

आक्का खिडकीतून वाकली. तिचा आवाज एकदम वेगळा आला, दवाखान्यातला. वॉर्डात ती सगळ्या पुरुषमाणसांना आडनावानंच हाक मारते, डॉक्टर सोडून.

"आहेर, सकाळची गोळी घेतली का?"

ते चमकले. खिसा चाचपडला. "गडबडीत राह्यली."

"आत्ता घ्या. माझ्यासमोर."

"पानी नाय."

तिनं आपली बाटली खिडकीतून पुढं केली. स्टीलची, तिची रोजची, कामावर नेते ती. त्यांनी गोळी तोंडात टाकली, बाटली तोंडाला न लावता वरून पाणी प्यायलं. ती बारकाईनं बघत होती. तेवढ्यात ड्रायव्हर चढला, कंडक्टरनं घंटी मारली, आणि गाडी हलली. आहेर बाटली पुढं करत चार पावलं गाडीबरोबर चालले. आक्कानं हात बाहेर काढला नाही.

गाडी स्टँडच्या फाटकातून वळली. मागं वळून बघितलं तर ते बाटली छातीशी धरून तिथंच उभे होते.

"आक्का," मी म्हणालो, "बाटली राहिली की."

ती खिडकीची काच लावत होती.

"राहू दे," ती म्हणाली. "घेऊन येतील ते."